जुनी रोड बाईक ऑनलाइन घेताना: दोन साइजच्या मध्ये असाल तर मोठी घ्या

फ्रीहब:
"शंका असेल तर छोटी फ्रेम घ्या" हा सल्ला प्रत्येक सायकल ग्रुपवर डोळे मिटून दिला जातो. दुकानातल्या नव्या सायकलला तो चालतो. ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवरच्या वापरलेल्या सायकलला तोच नियम लावला की माणूस फसतो, असं माझं मत आहे. चर्चेसाठी मांडतो, झोडपा खुशाल.

कारण एकच: स्टीयरर, म्हणजे फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या काट्याची) फ्रेममधून वर येणारी नळी. नव्या सायकलला ही नळी लांब ठेवलेली असते, स्टेमखाली (हँडल नळीला जोडणारा तुकडा) २५-३० मिमी स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या असतात, हँडल वर-खाली करायला वाव असतो. वापरलेल्या सायकलवर आधीच्या मालकाने प्रोसारखं दिसावं म्हणून स्टेम थेट हेडसेटवर (फ्रेमच्या तोंडाशी असलेल्या बेअरिंगवर) बसवलेला असतो आणि वर उरलेली नळी कापून टाकलेली असते. कापलेली नळी वाढत नाही. मग उरतो स्टेम उलटा करण्याचा उपाय. १०० मिमीचा ६ अंशी स्टेम उलटा केला की हँडल जेमतेम २० मिमी वर येतं. त्यापुढे नवा फोर्क, तोही त्याच मॉडेलचा मिळाला तर.

मोठ्या फ्रेमची हेड ट्यूब (स्टीयरर जिच्यातून जातो ती फ्रेमची पुढची नळी) मुळातच उंच. हँडल लांब वाटलं तर १०० चा स्टेम काढून ८० चा लावा, काम झालं. म्हणून वापरलेली घेताना दोन साइजमध्ये अडकलात तर मोठी.

घाटउतार:
साफ असहमत. तुम्ही उंचीचा प्रश्न सोडवलात आणि लांबीचा नवा उभा केलात.

स्टेम आखूड करून किती मिळतं? १०० वरून ८० म्हणजे २० मिमी. त्याच्याखाली गेलात तर हँडल हलकं आणि चंचल होतं, उतारावर ते जाणवतं. एवढं करूनही पोचत नाही म्हटल्यावर लोक सॅडल पुढे ओढतात. हे सगळ्यात वाईट. सॅडलची जागा गुडघा आणि पेडल यांच्या हिशेबाने ठरते, हँडल गाठण्यासाठी ती हलवायची नसते. सॅडल पुढे गेली की वजन हातांवर येतं, गुडघ्याच्या पुढच्या बाजूवर ताण येतो आणि मग माणूस महागडं सॅडल घेत बसतो.

दुसरं, सीटपोस्ट (सॅडल धरणारा दांडा) खाली किती जाईल? गोल २७.२ मिमीचा पोस्ट असेल तर कापता येतो. पण एअरो (चपटा) पोस्ट, पोस्टमध्ये बसवलेली डीआय२ या इलेक्ट्रॉनिक गिअरची बॅटरी, सीट ट्यूबवरचा (पोस्ट जिच्यात बसतो ती नळी) बाटलीचा स्क्रू, यांपैकी काहीही आड आलं की पोस्ट अडतो. छोट्या फ्रेमवर सीटपोस्ट वर काढता येतो, 'मिनिमम इन्सर्शन'ची (पोस्ट किमान किती आत हवा ती) खूण आत राहिली म्हणजे झालं. आणि साधा हिशेब: इनसीम (जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची लांबी) गुणिले ०.६७ म्हणजे फ्रेमची साइज. मध्ये कुठे अडकायचा प्रश्नच येत नाही.

फ्रीहब:
०.६७ चं सूत्र आडव्या टॉप ट्यूबच्या (सॅडलपासून हँडलकडे जाणारी वरची नळी) स्टीलच्या फ्रेमसाठी आहे, तेही सीट ट्यूब क्रँकच्या मध्यापासून वरच्या टोकापर्यंत मोजली तर. १९९०च्या दशकात डिझायनर माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी टीसीआर ही रोड बाईक काढली, टॉप ट्यूब मागे उतरती झाली आणि तेव्हापासून सीट ट्यूबच्या लांबीचा साइजशी थेट संबंध सुटत गेला. आज '५४' लिहिलेल्या फ्रेमवर ५४ सेंमीची नळी शोधून दाखवा. कोलनागो या इटालियन कंपनीची उतरत्या टॉप ट्यूबची '५०एस' ही जुन्या आडव्या ५० पेक्षा चांगलीच मोठी बसते.

घाटउतार:
मान्य, पण मग '५४' या आकड्यावर 'मोठी घ्या' म्हणणंही तितकंच पोकळ आहे.

मिमीवाला:
दोघेही स्टिकरवर भांडताय. स्टिकर झाका. दोनच आकडे बघा: स्टॅक आणि रीच. क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापर्यंत उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. इफेक्टिव्ह टॉप ट्यूबवरही (सीटपोस्ट ते हेड ट्यूब हे आडवं अंतर) विसंबू नका. तिच्यात सीट ट्यूबचा कोन मिसळलेला असतो. सॅडलची उंची ७०० मिमी धरली तर कोनातला १ अंशाचा फरक म्हणजे सॅडलच्या जागी सुमारे १२ मिमी. दोन फ्रेमची टॉप ट्यूब सारखीच ५४५, पण एकीचा कोन ७३ आणि दुसरीचा ७४.५ असेल तर पुढची लांबी वेगळी.

आता मुख्य मुद्दा, जो बहुतेक लोक विसरतात. रीचची तुलना सारख्या स्टॅकवर करायची. हेड ट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे स्पेसर टाकून हँडल वर नेलं की ते मागेही येतं. ७३ अंशाला १० मिमी स्पेसरमागे जवळपास ३ मिमी रीच कमी होतो.

उदाहरण घ्या. स्पेशलाइज्ड टारमॅक एसएल७, ५४: स्टॅक ५४४, रीच ३८४. ट्रेक डोमाने, ५४: स्टॅक ५७५, रीच ३७४. कागदावर टारमॅक १० मिमी लांब. पण टारमॅकचं हँडल ३१ मिमी वर न्या, रीच ९-१० मिमीने घटतो आणि दोन्ही सायकली एकाच जागी येतात. म्हणजे या दोघींत लांबीचा फरक नाहीच, फरक स्पेसरचा आहे. टारमॅकचा स्टीयरर कापलेला असेल तर मात्र ती जागा कायमची गेली. फ्रीहब इथे बरोबर आहेत, फक्त त्यांचा निष्कर्ष घाईचा आहे.

पहिलीरोडबाईक:
मला प्रत्यक्ष निर्णय घ्यायचा आहे. उंची १६८ सेंमी, इनसीम ७७. पुण्यात आहे. दोन जाहिराती: टारमॅक एसएल७ साइज ५२, स्टेमखाली स्पेसर दिसत नाहीत, आणि डोमाने एएल साइज ५४, विक्रेता बंगळुरूचा. शनिवार-रविवार ८०-१०० किमी, कधी घाट. कंपनीच्या तक्त्यात मी दोन साइजच्या सीमेवर येते.

मिमीवाला:
आधी इनसीम नीट मोजलाय का ते बघा. अनवाणी, पाठ भिंतीला, पाय १५ सेंमी अंतरावर, मध्ये जाड पुस्तक, आणि ते सॅडलवर बसल्यासारखं घट्ट वर दाबायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. पॅन्टच्या शिवणीचा आकडा चालत नाही, तो काही सेंमी कमी येतो.

७७ बरोबर धरून चालू. सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने चालणारं ०.८८३ चं गुणक लावलं की सॅडलची उंची क्रँकच्या मध्यापासून ६८० मिमी. उभ्या रेषेत ती साधारण ६५४.

डोमाने ५४: स्टॅक ५७५, वर हेडसेटचं झाकण, स्टेमची अर्धी उंची, ९० मिमीचा ६ अंशी स्टेम. हँडलचा मध्य सुमारे ६२२ वर. सॅडलपेक्षा हँडल ३ सेंमी खाली.

टारमॅक ५२: स्टॅक ५२७, रीच ३८०. तोच स्टेम, स्पेसर शून्य. हँडल ५७४ च्या आसपास, म्हणजे सॅडलपेक्षा ८ सेंमी खाली.

८ सेंमी लवचीक रेसरला जमतं. पहिल्या रोड बाईकवर १०० किमीला मानेला आणि तळहातांना ते कळतं. आणि गंमत बघा: छापील रीच बघून डोमाने ६ मिमी आखूड वाटते, पण सारख्या उंचीवर आणलं तर तीच ८-९ मिमी लांब निघते. म्हणून हँडलचं माप न बघता स्टेम ठरवू नका.

फ्रीहब:
म्हणजे मोठीच.

घाटउतार:
म्हणजे डोमाने. ती एन्ड्युरन्स भूमितीची (लांब पल्ल्यासाठी हँडल उंच ठेवणारी) म्हणून बसते, ५४ आहे म्हणून नाही. याच उंचीला टारमॅक ५४ आणि डोमाने ५२ असा पर्याय असता तर तुमच्या नियमाने टारमॅक घ्यावी लागली असती, आणि हँडल पुन्हा खालीच. 'मोठी-छोटी'पेक्षा 'रेस की एन्ड्युरन्स' हा प्रश्न आधी यायला हवा. ट्रेकनेच वर्षानुवर्षं एकाच नावाची सायकल एच१ आणि एच२ अशा दोन फिटमध्ये विकली, एच२ चं हँडल वर. नाव तेच, साइज तीच, बसणं वेगळं. म्हणून मॉडेलचं वर्ष विचारल्याशिवाय भूमितीचा तक्ता उघडूच नका.

आणि ५४ घेताना स्टँडओव्हर तपासा. बूट घालून टॉप ट्यूबवर उभं राहिल्यावर २-३ सेंमी मोकळे हवेत. नाहीतर सिग्नलला एक पाय टेकताना सायकल तिरकी करावी लागते.

पहिलीरोडबाईक:
बंगळुरूच्या सायकलवर प्रत्यक्ष बसता येणार नाही. फोटोवरून मोजता येतं का? चाकाचा व्यास माहीत असतो, तीच पट्टी धरायची, असं वाचलं होतं.

फ्रीहब:
येतं. रिमचा टायर बसण्याचा व्यास ६२२ मिमी, २५ चा टायर धरला तर बाहेरचा व्यास सुमारे ६७२. फोटो बरोबर बाजूने, कॅमेरा क्रँकच्या उंचीवर, चार-पाच मीटर मागे जाऊन झूम करून काढायला सांगा. मग पिक्सेल मोजून प्रमाण लावा.

मिमीवाला:
हे निर्णयासाठी वापरू नका. फोटोत १ टक्का चूक सहज होते, म्हणजे ३८० च्या रीचमध्ये जवळपास ४ मिमी. टारमॅक ५२ आणि ५४ च्या रीचमधला फरकच ४ मिमी आहे! फोनची वाइड लेन्स जवळून लावली तर चूक आणखी वाढते. फोटोचा उपयोग एवढाच: विक्रेता ५४ सांगतोय आणि हेड ट्यूब ५८ ची दिसतेय, अशी मोठी गफलत पकडणं.

त्यापेक्षा विक्रेत्याकडून टेपने मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मागचं चाक भिंतीला टेकवून सायकल सरळ उभी करायची, कोणीतरी धरलेली बरी. चार मापं: क्रँकच्या मध्यापासून भिंत, क्रँकच्या मध्यापासून जमीन, हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापासून भिंत, तिथूनच जमीन. आडव्यांची वजाबाकी म्हणजे रीच, उभ्यांची स्टॅक. ५ मिमीची चूक धरा, तरी फोटोपेक्षा बरं. टेपचा फोटोही मागा, नाहीतर काही जण इंटरनेटवरचा आकडा उतरवून पाठवतात. हेड ट्यूबची लांबी वेगळी मागा, ती चुकायला जागा कमी.

जाहिरातीतल्या 'साइज २८ इंच'वर वेळ घालवू नका, तो चाकाचा आकडा असतो. हायब्रिडच्या इंचातल्या साइजचाही इथे उपयोग नाही.

छोटीफ्रेम:
१५५-१६० च्या लोकांना हा सगळा वाद थोडा चैनीचा वाटतो. वापरलेल्यात ४४-४८ दिसतच नाही, त्यामुळे "५० घे, स्टेम बदल" हेच ऐकावं लागतं. त्यांनी तीन गोष्टी बघाव्यात.

एक, छोट्या साइजमध्ये कागदावरचा रीच फारसा घटत नाही. रोड बाईकचं नेहमीचं ७०० सी चाक तेवढंच राहतं, पायाचा पंजा पुढच्या टायरला लागू नये म्हणून पुढचं चाक जवळ आणता येत नाही. म्हणून ५० वरून ४८ वर गेल्याने वाटतो तेवढा फायदा होत नाही. दोन, हँडलचा स्वतःचा रीच बघा. ८५ मिमीच्या जागी ७० मिमीचं कॉम्पॅक्ट हँडल लावलं की १५ मिमी मिळतात, आणि स्टेम ८० च्या खाली न्यावा लागत नाही. हँडलची रुंदी ४२ सेंमीऐवजी ३८. तीन, क्रँक (पेडलचा दांडा) १७२.५ मिमी असेल तर १६५ चा खर्च आधीच किमतीत धरून घासाघीस करा.

घाटउतार:
याला पूर्ण सहमत. एक भर: स्टेम आणि हँडल एकसंध असेल, वायरी आतून जात असतील, तर 'स्टेम बदला' हे वाक्य विसरा. अख्खं कॉकपिट (हँडल-स्टेमचा जोड) बदलावं लागतं, अनेकदा हायड्रॉलिक होज सोडून ब्रेक पुन्हा ब्लीड करावे लागतात, म्हणजे तेलातली हवा काढावी लागते. अशा सायकलवर साइज पहिल्याच फटक्यात बरोबर हवी, मोठी किंवा छोटी कसलीही सवलत नाही. सीटमास्ट (पोस्टच्या जागी फ्रेमचीच वर आलेली नळी) फ्रेममध्येच असेल आणि कापलेला असेल तर त्याची सध्याची उंची हीच जवळपास तुमची कमाल उंची. ट्रेकच्या काही कार्बन फ्रेमवर आखूड आणि लांब असे दोन सीटमास्ट कॅप असतात, कोणता आहे ते विचारा.

फ्रीहब:
ठीक, 'मोठी घ्या' ऐवजी 'स्टॅक जास्त असलेली घ्या' असं म्हणतो. छोट्या फ्रेमचं समर्थन मात्र अजूनही पटलेलं नाही. कापलेला स्टीयरर वाढवून देणारा मेकॅनिक मला दाखवा. एक्स्टेंडर नावाचा जो तुकडा मिळतो तो कार्बन स्टीयररवर लावू नका.

घाटउतार:
आणि लांब फ्रेम आखूड करून देणारा तुम्ही दाखवा.

मिमीवाला:
@पहिलीरोडबाईक, विक्रेत्याला हे जसंच्या तसं पाठवा: "मॉडेलचं वर्ष, क्रँकजवळच्या साइज स्टिकरचा फोटो, वरची चारही मापं टेपसह, स्टेमखाली आणि स्टेमवर किती मिमी स्पेसर आहेत, स्टेमची लांबी आणि कोन, सीटपोस्ट बाहेर काढून मिनिमम इन्सर्शनच्या खुणेचा फोटो." स्टेमच्या वरचे स्पेसर मोजायला विसरू नका, ते खाली घेता येतात, म्हणजे तेवढा स्टीयरर शिल्लक आहे. कार्बन स्टीयरर असेल तर स्टेमखाली किती स्पेसर चालतात ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघा, बहुधा ३०-४० मिमीच्या आत मर्यादा असते. स्टॅक ५७० ते ५८० आणि रीच ३७० ते ३७८ मध्ये आला तर कुरिअरचं बोला. विक्रेता टेप लावायला तयार नसेल तर ती सायकल सोडा.