अनुभव धागा : यादीत नसलेला पोकेमॉन तुम्हाला कुठं भेटला?

तिकटीवरचा (धागाकर्ता)

पोकेमॉनच्या गेममध्ये चुकून दिसणारे मिसिंगनो, 'एम (मिसिंगनोचाच जुळा), बॅड एग आणि त्यांची सगळी भावकी कोल्हापुरात कुणी कुणी बघितली, ते इथं लिहा. अटी दोनच. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं हवं, "वर्गातल्या एकाच्या मावसभावाला दिसला" चालणार नाही. आणि कुठली आवृत्ती, कशावर खेळत होता ते सांगा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

नवख्यांसाठी थोडं. रेड आणि ग्रीन या गेमच्या पहिल्या आवृत्त्या जपानात १९९६ साली आल्या, रेड-ब्लू अमेरिकेत १९९८ साली. पोकेमॉन १५१, पण गेमच्या आतल्या यादीत जागा १९०. उरलेल्या ३९ जागांवर कुणीच नाही. गेमनं भलत्या वाटेनं त्यातली एखादी जागा उघडली की मिसिंगनो समोर येतो. बहुतेक वेळा उलट्या 'एल'च्या आकाराचा, केबल गेलेल्या टीव्हीसारखा मुंग्यांचा ठोकळा. प्रकार 'बर्ड' आणि 'नॉर्मल'. धड पोकेमॉनांपैकी एकाचाही प्रकार बर्ड नाही. तो कुणी बनवलेला नाही, आणि मला त्याचं अप्रूप आहे ते त्यामुळंच.

गंगावेशचं पोरगं

मामानं दुबईहून गेम बॉय कलर आणलेला, सोबत ब्लूची कॅसेट. अख्ख्या गल्लीत एकच. पोरं नंबर लावून बसायची आणि ज्याचा नंबर नाही तो खांद्यावरून सूचना द्यायचा.

मिसिंगनोची वाट मुंबईच्या आतेभावानं सांगितली. मे महिन्यात आलता. व्हिरिडियन गावात उत्तरेला एक म्हातारा उभा असतो, "घाईत आहेस का?" विचारतो. नाही म्हणायचं. मग तो वीडल पकडून दाखवतो. ते बघून झालं की कुठं पायी फिरायचं नाही, थेट फ्लाय मारून सिनाबार बेट गाठायचं. बेटाच्या पूर्व किनाऱ्याला चिकटून सर्फ करत वर-खाली, वर-खाली. आमची आजी म्हणायची, हे पोरगं त्या डबड्यात नुसतं खालीवर काय करतंय?

आणि आलं की ते! सगळी पोरं एकदम ओरडली. मी पळालो नाही, पकडलं. बॅगेत सहाव्या नंबरवर रेअर कँडी (खाल्ली की पोकेमॉनची लेव्हल वाढते) ठेवायची हे आतेभावानं आधीच सांगितलतं. बॅग उघडली तर कँडीच्या आकड्याच्या जागी भलतंच चिन्ह. वापरतोय, वापरतोय, संपतच नाही. त्या दिवशी आमच्या गल्लीत गरीब कुणी राहिलं नाही.

शाहूपुरी_पाचवी

रेड, कॉम्प्युटरवर एमुलेटर टाकून. तीच वाट. मला 'एम मिळाला. कँडी खायला घालून लेव्हल वाढवली तर त्याचा कांगास्खान, म्हणजे चक्क धड पोकेमॉन झाला. कारण विचारू नका.

उद्यमनगर_लेथ

दिवसभर मशिनचे कंट्रोलर दुरुस्त करतो, त्यामुळं हे वाचून हात शिवशिवले. वर म्हाताऱ्याची गोष्ट आली, पण म्हातारा कशाला लागतो हे कुणी सांगितलं नाही.

तो वीडल पकडत असताना पडद्यावर तुमच्या नावाच्या जागी 'ओल्ड मॅन' असं नाव येतं. तेवढ्या वेळापुरतं तुमचं खरं नाव कुठंतरी ठेवायला हवं, म्हणून गेम ते जिथं जंगली पोकेमॉनांची यादी असते त्या जागेत ठेवतो. एरवी काही बिघडत नाही, कारण पुढच्या गवताच्या रस्त्यावर पाऊल टाकलं की नवी यादी त्यावर लिहिली जाते. पण सिनाबारला गवतच नाही, त्यामुळं नवी यादी येत नाही. आणि पूर्व किनाऱ्याच्या पट्टीवर गेम पाण्यातली यादी न बघता गवतातली बघतो. तिथं काय पडलेलं असतं? तुमचं नाव. गेम तुमच्या नावाची अक्षरं पोकेमॉन म्हणून वाचतो. म्हातारा टाळून सफारी झोनमधून थेट सिनाबारला गेलात तर त्याच किनाऱ्यावर सफारीतले पोकेमॉन मिळतात, तेही ह्याच कारणानं.

नावातलं दुसरं, चौथं, सहावं अक्षर लेव्हल ठरवतं. तिसरं, पाचवं, सातवं अक्षर कोण येणार ते ठरवतं. गेममध्ये मोठ्या 'ए'चा आकडा १२८ आहे, तिथून पुढं 'बी' १२९ असं चढत जातं. म्हणून शंभराच्या वरच्या लेव्हलचे पोकेमॉन दिसतात. तिसरं अक्षर मोठं 'डी' असेल तर म्यूटू येतो, 'ई' असेल तर स्नॉरलॅक्स. नाव जिथं संपतं तिथं एक समाप्तीची खूण असते, तिचा आकडा ८०. यादीतली ८० नंबरची जागा रिकामी, म्हणून ती खूण पोकेमॉन ठरवणाऱ्या जागेवर पडली की मिसिंगनो भेटतो.

आता सहाव्या वस्तूचं. पोकेमॉन दिसला की पोकेडेक्समध्ये, म्हणजे पोकेमॉनांच्या नोंदवहीत, 'पाहिला' अशी खूण होते. मिसिंगनोचा नंबर शून्य. खूण करण्याआधी गेम नंबरातून एक वजा करतो. शून्यातून एक गेला की एका बाइटच्या हिशेबात २५५ होतात. म्हणजे खूण पोकेडेक्सच्या हद्दीबाहेर जाऊन पडते, आणि तिथं असतो बॅगेतल्या सहाव्या वस्तूचा आकडा. त्यातली सगळ्यात वरची बिट चढते, म्हणजे थेट १२८ची भर. आधीच १२८ किंवा जास्त असतील तर काही वाढत नाही. पकडायचीसुद्धा गरज नाही, नुसतं दिसलं तरी पुरे.

गंगावेशचं पोरगं

म्हंजे मी हमखास पकडणारा मास्टर बॉल फुकट घालवला व्हय?

ताराबाई पार्क

वरच्या हिशेबात माझी एक भर. गेममधल्या पोराचं नाव इंग्रजीत अभय ठेवा, पहिलं अक्षर मोठं आणि बाकी लहान. पाचवं अक्षर लहान 'वाय'. त्या अक्षरानं मिसिंगनो ठोकळ्याच्या रूपात येत नाही, भुताच्या चित्रात येतो. लहान 'डब्ल्यू' असेल तर काबुटॉप्सचा सांगाडा, लहान 'एक्स' असेल तर एरोडॅक्टिलचा. विजय नावानंही भूत येतं. संजय, अक्षय यांनी वाट बघू नये, त्यांचा 'वाय' सहावा.

हे मी २०१६ साली थ्री-डी-एसवर करून बघितलं. त्या वर्षी रेड-ब्लू-यलो डाउनलोडसाठी परत आले तेव्हा हे सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं. कुणी झाडलोट केली नाही याबद्दल त्यांचे आभार.

तिकटीवरचा

एक खुलासा करतो, कारण दर वेळी कुणीतरी घाबरवतं. मिसिंगनो पकडला की सेव्ह उडतो, हे रेड-ब्लूच्या बाबतीत खरं नाही. त्याचं चित्र उलगडताना ठरलेल्या जागेत मावत नाही आणि शेजारच्या हॉल ऑफ फेमच्या (गेम जिंकलेल्या संघाच्या) नोंदीवर सांडतं. बिघडतं ते तेवढंच. नंतर बाकीच्यांची चित्रं उलटसुलट दिसायला लागली तर एखाद्या धड पोकेमॉनचं माहितीचं पान उघडा, सरळ होतात. यलोमध्ये म्हाताऱ्याची वाट चालत नाही आणि तिथला मिसिंगनो गेम गोठवू शकतो. धास्ती बहुतेक तिथून पसरली असावी, असा माझा अंदाज.

राजारामपुरी_सातवी

मी पोरगी हाय, पण "मी गेलतो, मी आलतो" असंच लिहिणार. कोल्हापूरच्या बाहेरच्यांनी दुरुस्त करू नये.

आमच्या वेळेला सायबर कॅफेत तासाचे पैसे, त्यात प्रिंटचे वेगळे. मी म्यूच्या (एरवी गेममध्ये न मिळणारा १५१वा पोकेमॉन) युक्तीची प्रिंट काढून भूगोलाच्या वहीत ठेवलती. त्याआधी सगळ्या पोरांसारखं मीपण व्हर्मिलियनच्या बंदरावरच्या ट्रकभोवती फिरून आलतो. ट्रकखाली म्यू नाही. काहीच नाही. ट्रक नुसता उभा हाय.

खरी वाट सेरुलियन गावाच्या वर. नगेट पुलाच्या डावीकडं गवतात एक ट्रेनर उभा असतो, त्याच्याशी आधी लढायचं नाही. २५ नंबरच्या रस्त्यावरचा स्लोपोकवाला पोरगाही शिल्लक ठेवायचा. जवळ टेलिपोर्ट (एका झटक्यात गावात परत नेणारी चाल) येणारा आब्रा पोकेमॉन पाहिजे. गवतातल्या ट्रेनरच्या नजरेत पाऊल पडतंय त्याच क्षणाला स्टार्ट दाबायचं. त्यानं बघितलेलं असतं, पण मेनू आपला उघडतो. तिथून टेलिपोर्ट. आपण उडतोय आणि त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह! मग स्लोपोकवाल्याला हरवायचं, पण तो चालत आपल्यापर्यंत आला पाहिजे, अगदी पुढ्यात जाऊन उभं राहायचं नाही. परत टेलिपोर्ट, परत पुलाकडं. मेनू आपोआप उघडतो. बंद केला की सात लेव्हलचा म्यू.

स्लोपोकच का? गेमला आता लढाई द्यायची असते, पण कुणाशी ते हरवलेलं असतं. मग तो शेवटच्या शत्रूचा 'स्पेशल'चा आकडा उचलतो. त्या स्लोपोकचा २१, आणि आतल्या यादीत म्यूचा नंबर २१.

म्यू हा मिसिंगनोसारखा चुकार नव्हं, हे मला मान्य हाय. तो बनवलेलाच हाय. शिगेकी मोरिमोतो यांनी शेवटच्या टप्प्यात, चाचणीची साधनं काढल्यावर मोकळ्या झालेल्या ३०० बाइटांत तो बसवला. पण मिळायची वाट मात्र चुकीचीच की. त्यामुळं माझं पोस्ट काढू नये.

तिकटीवरचा

काढत नाही. ताई, प्रिंट असेल तर फोटो टाका.

कळंबा_नाका

एमेराल्ड (नंतरचा पोकेमॉन गेम), एमुलेटरवर, चीट कोड घालून. बॉक्समध्ये बॅड एग आलं. उबत नाही, सोडताही येत नाही. मी बॉक्सचं नावच 'अडगळ' ठेवलं.

उद्यमनगर_लेथ

एमेराल्डच्या पिढीत प्रत्येक पोकेमॉनच्या मुख्य माहितीचे ४८ बाइट असतात आणि त्यांची बेरीज वेगळी लिहून ठेवलेली असते. माहिती वाचताना बेरीज जुळली नाही तर गेम त्याला पोकेमॉन मानत नाही, बॅड एग म्हणून बाजूला ठेवतो. त्यामुळं माझ्या मते हे भावकीतलं नाही. मिसिंगनो दिसतो कारण रेड-ब्लू काही तपासतच नाही. बॅड एग दिसतं कारण एमेराल्ड तपासतो. एक चोर आहे, दुसरा पोलिसानं केलेला पंचनामा.

कळंबा_नाका

पंचनामा माझ्या बॉक्समध्ये कशाला ठेवतोय मग?

मिरजकर_अण्णा

फायररेडची (रेडची नंतरची नवी आवृत्ती) कॅसेट, इथल्याच एका दुकानातून, अर्ध्या किमतीत. तुमच्यासारखं भूतबित काही नाही. सेव्ह करायला गेलो की गेम सांगायचा, एक-एम सबसर्किट बोर्ड बसवलेला नाही. दुकानदार म्हणाला, "बोर्ड पुढच्या आठवड्यात येणार आहे." पुढं कळलं की कॅसेटमध्ये सेव्हची चिप गेमला हवी तशी नसली की हा संदेश येतो. एमुलेटरवर सेव्हचा प्रकार १२८के फ्लॅश ठेवला की जातो. धाग्यात बसत नसेल तर उडवा, पण दुकानदाराचं उत्तर राहू द्या.

रंकाळा_राउंड

पोकेमॉन गो चालेल का? सप्टेंबर २०१८, चिकोरिटाचा कम्युनिटी डे, म्हणजे ठरलेले काही तास तोच पोकेमॉन भरपूर दिसायचा दिवस. आम्ही पद्माराजे उद्यानाच्या बाजूला उभे. वेळ संपली आणि नकाशावर सगळीकडं एकच अनोळखी पोकेमॉन. डोकं नटसारखं, म्हणजे बोल्टवर बसतो तो नट, आणि त्यात एक डोळा. पकडला की डिट्टो (दुसऱ्याचं रूप घेणारा पोकेमॉन) निघायचा. गटावर दंगा सुरू: सर्व्हर फुटला, कंपनीची चूक, पटापट पकडा, आता बंद करतील. आमच्यातल्या एकानं तर भेळ अर्धी टाकली.

काही दिवसांत कंपनीनं जाहीर केलं, हा नवा पोकेमॉन, नाव मेल्टन. सगळं ठरवून.

तिकटीवरचा

मला हा प्रकार आवडला नव्हता आणि अजून आवडत नाही. चुकीचं सोंग आणलं की चुकीची मजा जाते. पण अनुभव खरा आहे, राहू द्या.

नवा_सभासद

सगळं वाचलं. माझा मुलगा स्कार्लेट खेळतो. २०२२ साली नवा असताना माणसं जमिनीत बुडायची, तो हसून लोळायचा. मग अपडेट येत गेले. त्याला मिसिंगनो दाखवावा म्हणून माळ्यावरून माझी जुनी रेडची कॅसेट काढली. चालते, पण सेव्ह कधी राहतो, कधी जातो. कोल्हापुरात कुणी बघेल का?

उद्यमनगर_लेथ

आतली बॅटरी संपत आलीय. डाख देऊन बसवलेली असते, घरी उचकटू नका. रविवारी सकाळी घेऊन या, नवी घालून देतो. बॅटरी काढली की जुना सेव्ह जाणार, तेव्हा पोराला काय दाखवायचं ते शनिवारीच दाखवा. आणि सहाव्या जागेवर कँडी ठेवा.