मदत हवी आहे: शॉव्हेलच्या होइस्ट मोटरला लोडवर ठिणग्या

नमस्कार मंडळी, इंदूरला पोलोग्राउंडात आमचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. सिंगरौलीच्या एका कोळसा खाणीतल्या जुन्या वॉर्ड-लिओनार्ड (मोटर-जनरेटर जोडीवर चालणाऱ्या) शॉव्हेलची, म्हणजे खोदाई यंत्राची, होइस्टची (बकेट उचलणारी) डीसी मोटर आलीय. रिकामी बकेट उचलताना शांत. भरलेली उचलली की ब्रशखाली निळ्या ठिणग्या. कम्युटेटरची (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या भागाची) एक पट्टी काळी, एक स्वच्छ, अगदी ओळीने. ड्रॉप टेस्ट (वाइंडिंगमधला दोष शोधायची व्होल्टेज चाचणी) ठीक, पट्ट्यांमधला मायका नीट खाली कापलेला, स्प्रिंगचा दाबही सारखा. मला इंटरपोलचा (मुख्य पोलांमधल्या, ठिणग्या रोखणाऱ्या छोट्या पोलांचा) संशय येतोय, काका म्हणतात ब्रशचा न्यूट्रल (ब्रशची ठिणगी न पडणारी जागा) सरकलाय. साइटवाले नुसते ब्रश बदलत बसले, त्याने काय होणार! इंटरपोलमागच्या शिम (पातळ पत्र्या) बदलून कुणी एअर गॅप (पोल आणि फिरत्या आर्मेचरमधली फट) जुळवलाय का? आमच्याकडे पूर्ण लोड देता येत नाही, मग इंटरपोलची पोलॅरिटी खात्रीने कशी तपासायची?