जुने फर्निचर, जुनी घरे : सातारा-सांगलीकडचे अनुभव

आवाहन – जुन्या फर्निचरचे व्यापारी, सातारा

आपल्या भागात वाडे उतरवले जातात, महाबळेश्वर-पाचगणीचे बंगले हात बदलतात आणि त्यांतले पलंग, फडताळे, पेटारे, आरामखुर्च्या आमच्यासारख्यांच्या दुकानांत किंवा थेट मुंबईत जोगेश्वरीच्या बाजारात पोहोचतात. अशा वस्तू विकत घेणाऱ्या, विकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा घरातून जाताना पाहणाऱ्या सर्वांनी आपले अनुभव येथे लिहावेत. वस्तू कोणत्या लाकडाची, कोणत्या घरातली आणि तिच्यावर पुढे कोणते काम झाले, एवढे मात्र प्रत्येकाने आवर्जून सांगावे. वस्तूची हकिकत वस्तूबरोबर गेली पाहिजे, असा माझा या धंद्यातला आग्रह आहे, म्हणून सुरुवात मीच करतो.

माझ्या दुकानातला चांगला माल प्रामुख्याने महाबळेश्वरच्या बंगल्यांतून आला. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, 1828 च्या सुमारास तेथे थंड हवेचे ठिकाण वसू लागले, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत इंग्रज अधिकारी, पारशी कुटुंबे आणि संस्थानिक यांनी बांधलेल्या बंगल्यांत संगमरवरी माथ्याची हात-तोंड धुण्याची मेजे, मच्छरदाणीच्या खांबांचे पलंग आणि पाय पसरून बसण्यासाठी लांब हातांच्या आरामखुर्च्या आल्या. वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या त्या गावात पावसाळ्याचे महिने बंद राहिलेल्या खोलीत ही लाकडे टिकली, याचे श्रेय सागवानाला आहे. सागवानाच्या गाभ्यात तेलाचा अंश असतो आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र भुंगा पोखरतो, म्हणून मी आधी फिकट पट्टे कोठे आहेत ते पाहतो.

वस्तू तपासताना ती उलटी करावी, खण पूर्ण बाहेर काढावेत आणि पाठीमागच्या फळ्या पाहाव्यात, कारण दर्शनी भाग कोणीही सजवू शकतो. हाताच्या करवतीने चिरलेल्या फळीवर सरळ, थोड्याशा असमान रेघा असतात. यंत्राच्या गोल करवतीने चिरलेल्या फळीवर कमानीसारख्या रेघा उमटतात. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी आणि टोकाकडे निमुळता असतो. गोल मेज असेल तर टेपने दोन दिशांनी मोजावे. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आकसते, त्यामुळे खरोखर जुने मेज एका बाजूने थोडे कमी भरते. झीजही जागेवर हवी : खुर्चीच्या हातांच्या टोकांना, खणाच्या खालच्या कडांना, मेजाच्या पायांमधल्या आडव्या पट्टीला. सगळीकडे सारखीच झीज दिसली, तर ती पॉलिशकागदाने केलेली असते. आंब्याच्या लाकडाला काळपट रंग देऊन ते शिसवी म्हणून विकल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. अशा वेळी वस्तू उचलून पाहावी, शिसवी हाताला लगेच जड लागते. आणि आतल्या बाजूला नखाएवढी जागा खरवडली की जांभळट तपकिरी रंग व काळ्या रेघा दिसतात की नाही, यावरून निकाल लागतो.

पेठेतल्या दुकानाच्या चालक, सांगली

वडिलांच्या मागे हे दुकान मी सांभाळते. सांगलीचा माल साताऱ्यापेक्षा वेगळा असतो, कारण हे हळदीच्या आणि गुळाच्या व्यापाराचे गाव आहे. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवली जाई, आणि तिचा हिशेब पेढीवर गादीवर बसून, उतरत्या झाकणाच्या बुटक्या मेजावर लिहिला जाई. अशी मेजे, पितळी पट्ट्यांचे पेटारे आणि भिंतीत बसवलेल्या फडताळांच्या कोरीव चौकटी माझ्याकडे येतात. मेजाच्या झाकणाखाली शाईचे डाग असतात, आणि ते पुसून द्या असे गिऱ्हाईक हमखास सांगते. मी ते पुसत नाही, आणि त्यामुळे विक्री मोडली तरी चालते असे ठरवले आहे.

खरेदीच्या वेळी मला सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो तो माणसांना. एका वाड्यात चार भाऊ, दोन बहिणी आणि परदेशातला एक पुतण्या असे वाटेकरी असतात; धाकटा भाऊ फोन करून बोलावतो आणि थोरल्या वहिनींना त्याची कल्पनाही नसते. सर्वांची लेखी संमती हातात आल्याशिवाय मी टेम्पो पाठवत नाही. शेजारच्या एका व्यापाऱ्याने संमतीविना पलंग उचलला, आणि त्या घरातली बोलाचाली अजून बंद आहे. देव्हाऱ्याच्या बाबतीत तर घरच्यांनी देव दुसरीकडे रीतसर बसवल्याचे सांगितल्यावरच मी दराची गोष्ट काढते.

पेटाऱ्यांच्या तळाशी मोडी कागद आणि पोथ्या निघतात, तेही येथे सांगायला हवे. ते रद्दीत जाताना मी पाहिले आहेत. आमच्याकडे निघालेले कागद मी घरच्यांना परत देते आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे नाव सुचवते. 1910 पासून हे काम करणाऱ्या त्या संस्थेत असे कागद वाचणारी माणसे आहेत.

सुतार व पॉलिश कारागीर, मिरज

ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली. तेथे धोक्याची पातळी 45 फूट मानतात. पाणी ओसरल्यावर गावभागातल्या घरांतून मला बोलावणी येऊ लागली. बहुतेक घरांत नवे प्लायवूडचे कपाट फुगून फाटले होते, आणि त्याच खोलीतले आजोबांचे सागवानी कपाट चिखलाने भरलेले असले तरी उभे होते. लोक ते उन्हात काढत होते, आणि तेथेच मोठे नुकसान होत होते. भिजलेले भरीव लाकूड उन्हात ठेवले की वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी तडकते.

मी सर्वांना सांगितलेली पद्धत अशी. चिखल वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुऊन काढावा. फुगलेले खण ओढून काढू नयेत; कपाटाची पाठ सोडवून मागून मोकळी हवा द्यावी. सुट्या फळ्या सावलीत, दोन फळ्यांमध्ये लाकडी पट्ट्या ठेवून रचाव्यात आणि वर वजन ठेवावे. घाई केली नाही तर बहुतेक खण आपोआप सैल होतात, त्याला काही आठवडे लागले तरी लागू द्यावेत. पॉलिशवर आलेले पांढरे डाग पाहून लोक घाबरतात, पण चपडा लाखेच्या थरात अडकलेला तो ओलावा असतो, आणि वस्तू पूर्ण वाळल्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने हलक्या हाताने पुसले की बरेच डाग जातात.

त्या दिवसांत जुन्या सुतारांविषयीचा माझा आदर वाढला. त्यांनी सांध्यांना जनावराच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस लावला होता. पुराच्या पाण्याने तो सुटला, खुर्च्यांचे भाग वेगळे झाले, आणि म्हणूनच त्या वाचल्या. कुसू, म्हणजे भोकात बसणारी लाकडाची टोके, शाबूत होते, भोके शाबूत होती. जुना सरस गरम पाण्याने धुऊन मी नवा लावला आणि खुर्ची पुन्हा बसली. हल्लीच्या पक्क्या रासायनिक गोंदाने जोडलेला सांधा सुटत नाही, तेथे लाकूडच मोडते. म्हणून दुरुस्तीत मी आजही सरसच वापरतो, आणि जुन्या वस्तूवर सँडरचे यंत्र फिरवायला नकार देतो. शंभर वर्षांच्या हातांनी लाकडाला आलेला रंग त्या यंत्राखाली काही मिनिटांत निघून जातो आणि तो कोणत्याही पॉलिशने परत आणता येत नाही.

वेताच्या कामाबद्दलही थोडे सांगतो. बैठकीची जाळीदार वीण करणारे हात आता कमी उरले आहेत. अंध व्यक्तींना हे काम शिकवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, आणि माझ्या खुर्च्या विणणारे गृहस्थ त्याच परंपरेतले आहेत. त्यांची वीण मी पाहिलेल्या कोणत्याही विणीपेक्षा एकसारखी असते. त्यांना दर देताना घासाघीस करू नये, अशी सर्व व्यापाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

निवृत्त शिक्षिका, वाई

मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहायला लोक लांबून येतात. आमचा वाडा तसा नामांकित नव्हता. ओसरी, चौक, माजघर आणि त्यातला शिसवी झोपाळा, एवढेच त्याचे वैभव होते. मुले पुण्यात, छपराची गळती दरवर्षी वाढत गेलेली, अशा स्थितीत वाडा उतरवावा लागला आणि फ्लॅटच्या छताला झोपाळ्याच्या कड्या पेलणार नाहीत म्हणून झोपाळाही विकावा लागला. व्यापाऱ्याने भाव सांगण्याआधी झोपाळा कोणी करवून घेतला, पितळी कड्या मूळच्याच आहेत का, पाट कधी बदलला, असे प्रश्न विचारून सारे वहीत टिपून घेतले. विकत घेणाऱ्या कोल्हापूरच्या कुटुंबाने नंतर फोन करून माझ्या सासूबाईंचे माहेर कोणते, हे विचारले. मला त्या फोनने फार बरे वाटले.

अभियंता, कराड

माझा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या बहिणीला आजीची शिसवी आरामखुर्ची पाठवायची आहे. ती खुर्ची घरात 1915 च्या आधीपासून आहे. एका वाहतूकदाराने काही अडचण नाही असे सांगितले, पण मला खात्री वाटत नाही.

आवाहनकर्ते, सातारा

आपली शंका योग्य आहे. पुरावस्तूंविषयीच्या 1972 च्या केंद्रीय कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पुरावस्तूंचा व्यापार करायलाही परवाना लागतो. शंभर वर्षांच्या आतली वस्तू असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. शिवाय शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध असल्याने त्याचे कागद वेगळे असतात. वाहतूकदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये. आपली खुर्ची येथेच राहिलेली बरी. बहिणीसाठी तिची मापे आणि छायाचित्रे पाठवल्यास तिकडचा सुतार तशी खुर्ची करू शकेल.

संग्राहक, ओगलेवाडी

फर्निचर नसले तरी सांगतो. आमच्या गावच्या ओगले काच कारखान्याचे प्रभाकर कंदील जुन्या बाजारात सतत येतात, आणि त्यांतल्या पुष्कळांची काच नंतर बदललेली असते. घेण्याआधी काचेवरची आणि पत्र्यावरची खूण दोन्ही पाहावी. काच मूळची नसेल तर विकणाऱ्याने तसे सांगावे आणि पावतीवर लिहून द्यावे. मी स्वतः विकताना तसेच लिहून देतो आणि त्यामुळे एकही गिऱ्हाईक परत गेलेले नाही.