सासूला ‘आत्या’ का म्हणतात?

डोंबिवलीची सून:
माहेर डोंबिवलीचं, सासर सांगोल्याजवळच्या एका वाडीत. लग्नानंतर पहिल्याच सकाळी चुलीपाशी बसून सासूबाईंना ‘आई’ अशी हाक मारली. भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, “आई तुझी तिकडं हाय. मला आत्या म्हण.” थोरली जाऊही त्यांना आत्याच म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आमचं आधीचं काही नातं नाही, स्थळ बघून लग्न झालं.

माझी सख्खी आत्या गेल्या वर्षी वारली. बारशाला माझ्या कानात नाव तिनंच सांगितलं होतं. दर दिवाळीला तिच्याकडून करंज्यांचा स्टीलचा डबा यायचा, झाकणावर माझं नाव कोरलेला. आत्या म्हटलं की मला तीच दिसते. दुसऱ्या कुणाला तशी हाक मारायची तर शब्द घशातच अडकतो. ही पद्धत आली कुठून?

मंगळवेढेकर:
आमच्या घरातलंच सांगतो. माझ्या वडिलांनी मामाची मुलगी केली. म्हणजे माझी आजी ही आईची सासू आणि सख्खी आत्यासुद्धा. लहानपणापासून जिला आत्या म्हणत आली, तिला लग्नानंतर आई वेगळं काय म्हणणार? आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात, म्हणून सासरा मामा. अशी लग्नं आता कमी होतात, पण हाक राहिली, अगदी परक्या घरातून आलेल्या सुनेच्या तोंडीही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात भावाबहिणीची मुलं निषिद्ध नात्यांत येतात, मात्र दोन्हीकडे तशी रूढी असेल तर हे लग्न चालतं.

बेळगावकर:
शेजारच्या कन्नड घरांत वडिलांची बहीण ‘अत्ते’ आणि सासूही ‘अत्ते’. तेलुगूत ‘अत्त’, तमिळमध्ये ‘अत्तै’. तिकडेही नात्यातल्या लग्नांची रीत आहेच.

पोथीवाला:
बेळगावकरांनी नेमकं ठिकाण दाखवलं. मावशी हा शब्द सरळ संस्कृत ‘मातृष्वसृ’वरून आला, म्हणजे आईची बहीण. त्याच्या जोडीचा ‘पितृष्वसृ’ बंगालीत ‘पिशी’ होऊन टिकला. मराठीत मात्र त्या जागेवर आत्या बसली आहे, आणि तिची भावंडं दक्षिणेत सापडतात.

शब्द जुना किती? सातवाहन राजा हालाच्या गाथासप्तशती या प्राचीन काव्यसंग्रहात, म्हणजे मराठीच्या पूर्वज महाराष्ट्री प्राकृतात, ‘अत्ता’ म्हणजे सासू. त्यातली एक सून रात्री मुक्कामाला आलेल्या वाटसरूला बजावते, की इथे अत्ता झोपते, इथे मी, दिवसाउजेडी नीट बघून ठेव. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडितानं देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेल्या, शब्दांचा कोश केला, त्यात ‘अत्ता’चे अर्थ आई, वडिलांची बहीण, सासू आणि मैत्रीण असे दिले आहेत. ताई, तुमच्या सासूबाई जे म्हणाल्या ते बोलीतलं काही वेडंवाकडं नाही. वडिलांची बहीण आणि सासू या दोघी त्या शब्दात फार आधीपासून शेजारी शेजारी राहतात. मला तर हा मराठीतला सगळ्यात मायेचा शब्द वाटतो.

मंगळवेढेकर:
एक राहिलं. आमच्याकडे पुष्कळ सुना सासूला ‘आत्याबाई’ म्हणतात. जमतंय का बघा.

डोंबिवलीची सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रीण हा अर्थ वाचून रडूच आलं, माझी आत्या माझी तीच होती. काल फोनवर ‘आत्याबाई’ म्हणून बघितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “माझ्या सासूला मी आसंच म्हणायची. ती माझ्या बापाची थोरली भन.” हे मला घरात कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी वाडीला निघालेय. तिथली शेंगदाण्याची चटणी आणायला करंज्यांचा डबा घासून ठेवलाय.