मदत हवी आहे : गोल्ड कार्ड असूनही बुकिंगमध्ये सदस्य क्रमांक स्वीकारला जात नाही (मंगळवारी प्रवास)

सह्यकडा

नमस्कार. येत्या मंगळवारी पहाटे मुंबईहून निघून फ्रँकफुर्टमार्गे गोथेनबर्गला जायचे आहे. माझ्याकडे स्टार अलायन्सचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघाचे, गोल्ड कार्ड आहे. या कार्डावर तिकिटातील सामानाखेरीज एक जादा बॅग विनाशुल्क नेता येते आणि लाउंजही मिळते. पूर्वी हे दोन्ही मला कुठलीही खळखळ न होता मिळालेले आहे, त्यामुळे या वेळीही त्याच हिशेबाने दोन बॅगा भरून ठेवल्या आहेत. दुसऱ्या बॅगेत तिथल्या जुन्या सहकाऱ्यांसाठी दिवाळीचा फराळ असून ती २१ किलो भरली आहे.

अडचण अशी, की काल रात्री बुकिंगमध्ये सदस्य क्रमांक भरायला गेलो असता तीन वेळा ‘क्रमांक अवैध’ असा संदेश आला. तिकीट कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने काढले आहे. त्यांच्या फोनवर पाऊण तास संगीत ऐकल्यानंतर ‘विमानतळावर बघून घ्या’ एवढेच उत्तर मिळाले. क्रमांक कसा भरावा, हे कुणी नेमके सांगू शकेल का? वेळ फार कमी आहे.

ठाणेकर_काकू

नावात घोळ असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्याकडे पारपत्रावर स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकाच रकान्यात जोडून येते, तर सदस्यत्वाचा अर्ज भरताना आपण केवळ नाव आणि आडनाव लिहितो. ही दोन नावे अक्षरशः जुळली नाहीत, तर संगणक क्रमांक नाकारतो. आमच्या यजमानांचे विमानप्रवासावर मिळालेले गुण याच कारणाने चार महिने अडकले होते आणि शेवटी पारपत्राची प्रत पाठवून खात्यातले नाव बदलून घ्यावे लागले. तुम्हीही आधी तेच करा.

खिडकीची_जागा

हा प्रश्न विस्ताराच्या जुन्या सदस्यांना हमखास पडतो, म्हणून सविस्तर लिहितो. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि ‘क्लब विस्तारा’ ही योजना एअर इंडियाच्या योजनेत सामावली गेली. ‘फ्लाइंग रिटर्न्स’ हे जुने नाव जाऊन आता तिला ‘महाराजा क्लब’ म्हणतात. क्लब विस्ताराचा एक गुण म्हणजे महाराजा क्लबचा एक गुण, असे हस्तांतर झाले. विस्तारा स्वतः स्टार अलायन्समध्ये कधीच नव्हती, परंतु एअर इंडिया जुलै २०१४ पासून आहे. त्यामुळे ज्यांची गोल्ड श्रेणी पुढे चालू राहिली, त्यांना स्टार गोल्डच्या सवलती आपोआप मिळू लागल्या. थोडक्यात, जुना क्रमांक टाकून द्या आणि नवा भरा, म्हणजे तो लगेच स्वीकारला जाईल.

निवृत्त_लेखापाल

तुमचे कार्ड कोणत्या विमान कंपनीचे आहे, ते कृपया लिहावे. ‘स्टार अलायन्सचे कार्ड’ असे स्वतंत्र काही नसते, कारण अलायन्सची स्वतःची सदस्य योजना नाही. सदस्यत्व एखाद्या कंपनीच्या योजनेचे असते आणि ‘स्टार गोल्ड’ हा त्या योजनेतील श्रेणीवर उमटलेला शिक्का असतो. मूळ कंपनी कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात तीर मारणे आहे.

सह्यकडा

काकू, नाव तपासले. पारपत्रावर आणि खात्यात ते सारखेच आहे. खिडकीची_जागा, मी विस्ताराने कधीही प्रवास केलेला नाही. कार्ड खरोखरच गोल्ड आहे, त्याची मुदत संपलेली नाही आणि त्यावर स्टार अलायन्सचे चिन्ह स्पष्ट दिसते. दोन्ही टप्प्यांची विमाने स्टारमधील कंपनीचीच आहेत, तेव्हा कार्ड कोणत्या कंपनीचे यावाचून काही अडू नये. मला फक्त क्रमांक भरण्याची रीत हवी आहे.

मैलोनमैल

गोल्ड क्रमांक बुकिंगमध्ये घालण्याची इतकी घाई करू नये, असे माझे मत आहे. लाउंजसाठी त्याच दिवसाचा बोर्डिंग पास आणि वैध कार्ड एवढे पुरते, परंतु माइल्स (म्हणजे प्रवासाचे गुण) मात्र बुकिंगमध्ये जो क्रमांक असेल त्याच योजनेत जमा होतात. त्यामुळे मी चेक-इन होईपर्यंत गोल्ड क्रमांक ठेवतो, बॅग आत गेली की गेटवर तो बदलून घेतो आणि जिथे जास्त माइल्स मिळतात त्या योजनेचा क्रमांक देतो.

खिडकीची_जागा

गेटवर रांग लागलेली असताना क्रमांक बदलून द्यायला सगळेच कर्मचारी तयार होतात, असा माझा अनुभव नाही. शिवाय तुमचे हे ‘जिथे जास्त मिळतात’ आता तितकेसे सरळ राहिलेले नाही. पूर्वी उडालेल्या अंतरावर माइल्स मिळत. आता एअर इंडियाच्या स्वतःच्या विमानांवर ते भरलेल्या भाड्यावर मिळतात, तर भागीदार कंपन्यांच्या विमानांवर अंतर आणि बुकिंग वर्ग पाहिला जातो. मुंबई ते फ्रँकफुर्ट हे अंतर चार हजार मैलांच्या आसपास आहे. पण तिकीट सर्वांत स्वस्त वर्गातले असेल तर त्यातला लहानसा हिस्साच पदरात पडतो आणि काही वर्गांवर एकही माइल मिळत नाही. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने काढलेले तिकीट कोणत्या वर्गाचे आहे, हे प्रश्नकर्त्यांनी अजून सांगितलेले नाही.

मैलोनमैल

वर्ग कोणताही असो, गेटवर मी आजवर पाच वेळा क्रमांक बदलून घेतला आहे. जमत नसेल, तर प्रवासानंतर दावा करता येतो. त्यासाठी तिकिटाचा १३ अंकी क्रमांक आणि बोर्डिंग पास जपून ठेवावा लागतो, एवढेच. मात्र एकदा एका योजनेत जमा झालेले माइल्स मागाहून दुसरीकडे फिरवता येत नाहीत.

पहिला_धडा

माइल्स जमवण्याच्या या सर्व चर्चेत मला जेट एअरवेज आठवते. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे शेवटचे विमान उडाले, तेव्हा माझ्या जेटप्रिव्हिलेजच्या खात्यात मुंबई ते अ‍ॅमस्टरडॅम जाऊन येण्यापुरते माइल्स होते. योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर असल्याने ती बुडाली नाही आणि त्याच वर्षी तिचे नाव ‘इंटरमाइल्स’ झाले. परंतु ज्या विमानात बसायचे तेच गेल्यावर त्या माइल्सची मी शेवटी मिक्सर घेऊन विल्हेवाट लावली. तो मिक्सर चांगला चालतो, ही गोष्ट निराळी. तेव्हापासून मी माइल्स हाती आले की लगेच खर्च करतो आणि इतरांनाही तेच सांगतो.

ठाणेकर_काकू

लाउंजपुरते म्हणाल, तर त्यासाठी विमान कंपनीच्या कार्डाची गरजच काय? माझ्या बँकेच्या क्रेडिट कार्डावर मुंबईच्या टी-२ मध्ये लाउंज मिळते. फक्त आधीच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केलेली असावी लागते.

निवृत्त_लेखापाल

काकू, प्रश्नकर्त्यांची मुख्य काळजी २१ किलोच्या बॅगेची दिसते आणि ती क्रेडिट कार्डावर जात नाही. सह्यकडा, मी तोच प्रश्न पुन्हा विचारतो, कारण यावाचून खरोखरच अडले आहे. पाकिटातील कार्डावर कंपनीचे नाव काय आहे, ते तुम्हाला कोणत्या वर्षी मिळाले आणि या कार्डावर तुम्ही शेवटची जादा बॅग कधी नेली?

सह्यकडा

ठीक आहे, सर्व लिहितो. कार्ड युरोबोनस गोल्ड आहे, म्हणजे स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे. चिंचवडला आमच्या स्वीडिश कंपनीचा कारखाना आहे. तिथून मला साडेतीन वर्षांसाठी गोथेनबर्गला पाठवले होते आणि स्टॉकहोमच्या मुख्यालयात दर आठवड्याला खेप होत असल्यामुळे गोल्ड श्रेणी मिळाली. प्लास्टिकचे कार्ड २०२३ मधले आहे, पण श्रेणी दरवर्षी वाढून मिळत गेली. या कार्डावर शेवटची जादा बॅग मे २०२४ मध्ये, पुतण्याच्या मुंजीला आलो तेव्हा आणली होती. या वर्षीच्या मे महिन्यात कायमचा परतताना कोपनहेगनहून दोहामार्गे आलो, त्यामुळे तेव्हा कार्ड वापरण्याचा प्रश्न आला नाही. हे सगळे मला इतके गृहीत होते, की लिहिण्याची गरज वाटली नाही.

निवृत्त_लेखापाल

आता उलगडा झाला. तुमचा क्रमांक भरण्याची रीत चुकलेली नाही. तो क्रमांक त्या विमानासाठी चालेनासा झाला आहे. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स ही १९९७ मध्ये स्टार अलायन्स स्थापन करणाऱ्या पाच कंपन्यांपैकी एक होती. परंतु आर्थिक अडचणीत आल्यावर तिने २०२२ मध्ये अमेरिकी न्यायालयात दिवाळखोरी संरक्षण मागितले आणि पुनर्रचनेत एअर फ्रान्स-केएलएम या समूहाने तिच्यात भागीदारी घेतली. तो समूह स्कायटीम या दुसऱ्या अलायन्सचा असल्याने कंपनीलाही तिकडे जावे लागले. ३१ ऑगस्ट २०२४ हा तिचा स्टारमधला शेवटचा दिवस होता आणि १ सप्टेंबरपासून ती स्कायटीममध्ये आहे. तुमची मे महिन्यातली बॅग त्या तारखेच्या तीन महिने आधी आली, म्हणून ती विनासायास आली.

तुमची गोल्ड श्रेणी बुडालेली नाही. तिच्यावरचा शिक्का तेवढा बदलला आहे. युरोबोनस गोल्ड म्हणजे आता ‘स्कायटीम एलीट प्लस’. जादा बॅग, प्राधान्याने चेक-इन आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात लाउंज या सवलती तिथेही आहेत. पण त्या एअर फ्रान्स, केएलएम, व्हर्जिन अटलांटिक अशा कंपन्यांच्या विमानांवर मिळतात. विश्वास बसत नसेल, तर युरोबोनसचे ॲप उघडून त्यातले कार्ड पाहा.

सह्यकडा

ॲप उघडले. माझ्या नावाखाली ‘स्कायटीम एलीट प्लस’ असे छापलेले आहे आणि ते पाकिटातल्या कार्डाशेजारी धरले, तर दोन्हीकडे सदस्य क्रमांक तोच असून फक्त कोपऱ्यातली चिन्हे वेगळी आहेत. या बदलाविषयीचे ऑक्टोबर २०२३ पासूनचे ईमेलही सापडले. ते जाहिरातींच्या कप्प्यात पडून होते. लेखापाल, तुमच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर न दिल्याबद्दल क्षमस्व.

आता मंगळवारचे काय? आणि खात्यात साचलेले गुण गेले का?

मैलोनमैल

जुने प्लास्टिकचे कार्ड काउंटरवर दाखवून पाहायला काय हरकत आहे? त्यावर चिन्ह आहे आणि रात्री दोन वाजता कोण एवढे निरखून पाहणार?

खिडकीची_जागा

हरकत आहे. जादा बॅगेची सवलत कार्डाकडे डोळ्यांनी पाहून दिली जात नाही, ती बुकिंगशी जोडलेल्या श्रेणीवरून संगणक देतो. तिथे क्रमांकच बसत नसेल, तर कर्मचाऱ्याने मनात आणले तरी बॅगेची पावती शून्य रकमेची निघणार नाही. शिवाय लागू नसलेले कार्ड जाणूनबुजून पुढे करणे योग्यही नाही. मग रात्री दोन वाजता विमानतळाच्या दराने पैसे भरा, नाहीतर चकल्या तिथेच वाटून टाका, असे दोनच मार्ग उरतील. त्यापेक्षा आजच संकेतस्थळावरून जादा बॅग आगाऊ घ्यावी, कारण आगाऊ दर बहुधा कमी असतो.

मैलोनमैल

योग्य-अयोग्याचा विचार मी केला नव्हता, हे मान्य आहे.

निवृत्त_लेखापाल

गुण गेलेले नाहीत, ते युरोबोनसच्या खात्यातच आहेत. मात्र त्यांवर आता स्टारमधील कंपन्यांची नवी तिकिटे काढता येणार नाहीत. स्कायटीममधील कंपन्यांची काढता येतील. त्याचप्रमाणे मंगळवारच्या प्रवासाचे गुण युरोबोनसमध्ये जमा होणार नाहीत. ते वाया जाऊ नयेत म्हणून महाराजा क्लब किंवा लुफ्तान्सा समूहाची माइल्स अँड मोअर यांपैकी एका योजनेचे सदस्यत्व आजच घ्या आणि तो क्रमांक बुकिंगमध्ये भरा. सदस्यत्व विनाशुल्क आहे. माइल्स अँड मोअरमध्ये श्रेणी नसलेल्या सदस्याचे माइल्स ३६ महिन्यांनी बाद होतात, त्यामुळे तुमचा पुढचा प्रवास भारतातच जास्त होणार असेल, तर महाराजा क्लब सोयीचा पडेल. नव्या खात्यावर जादा बॅग मिळणार नाही, कारण ती गोल्डलाच मिळते. सिल्व्हरलासुद्धा अलायन्सकडून प्रतीक्षायादीतील प्राधान्याखेरीज फारसे काही मिळत नाही.

पहिला_धडा

या सगळ्यापेक्षा तिकीटच बदलून अ‍ॅमस्टरडॅम किंवा पॅरिसमार्गे घेतले तर? केएलएम आणि एअर फ्रान्स या दोघींची विमाने मुंबईहून सुटतात आणि दोघीही गोथेनबर्गला जातात. तेथे तुमचे एलीट प्लस चालेल, बॅगही जाईल आणि गुणही युरोबोनसमध्येच जमा होतील. जाता जाता सांगतो, स्कायटीममध्ये गेल्यावर २०२४ च्या अखेरीस युरोबोनसने एक स्पर्धा काढली होती. वर्ष संपण्यापूर्वी स्कायटीममधील १५ वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांनी जो प्रवास करील, त्याला दहा लाख गुण मिळणार होते.

ठाणेकर_काकू

पंधरा विमानांनी नुसतेच फिरत राहायचे? आणि माझ्या माहितीप्रमाणे इंडिगोही केएलएमबरोबर आहे. मग पुण्यापासूनच तसे तिकीट काढता येणार नाही का?

खिडकीची_जागा

काकू, इंडिगोचा केएलएमशी कोडशेअर करार आहे, परंतु ती कोणत्याच अलायन्समध्ये नाही आणि स्कायटीममध्ये भारतातली एकही कंपनी नाही. कोडशेअरमध्ये तिकिटावरचा क्रमांक एका कंपनीचा आणि प्रत्यक्ष विमान दुसऱ्या कंपनीचे असते. गोल्डच्या सवलतींसाठी विमान अलायन्समधल्या कंपनीचे असावे लागते, त्यामुळे तेवढ्या टप्प्यावर एलीट प्लसचा भरवसा धरू नये.

सह्यकडा

ट्रॅव्हल डेस्कला विचारले. तिकीट बदलल्यास फरकाची रक्कम जादा बॅगेच्या शुल्काच्या कितीतरी पट होते आणि ती कंपनी देणार नाही. म्हणून जादा बॅग संकेतस्थळावरून आगाऊ घेतली आणि महाराजा क्लबचे खाते उघडून तो क्रमांक भरला. तो पहिल्याच खेपेस स्वीकारला गेला. फेब्रुवारीत पुन्हा गोथेनबर्गला जायचे आहे, त्या वेळी अ‍ॅमस्टरडॅममार्गे तिकीट काढा, असे ट्रॅव्हल डेस्कला आजच लेखी कळवून ठेवले आहे. खिडकीची_जागा, तुम्ही विचारलेला बुकिंग वर्ग ‘के’ आहे. त्यावर किती माइल्स मिळतील?

दादरचा_प्रवासी

धागा आत्ताच पाहिला, वरचे सगळे प्रतिसाद वाचायला सवड झाली नाही. तुमचे क्लब विस्ताराचे गुण महाराजा क्लबमध्ये आले असतील. जुना क्रमांक काढून नवा भरा, काम होईल.