युद्धकाळात बंदराचा ताबा एकाच हातात हवा का? न्यूयॉर्क १९४३ आणि मुंबई १९४४

दर्यावर्दी:
माझं मत आधीच मांडतो. युद्धकाळात मोठ्या बंदरातल्या स्फोटकांच्या चढ-उतारावर तटरक्षक दलाच्या एका अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा हवा. एका वर्षाच्या अंतरानं लागलेल्या दोन आगी बघा.

२४ एप्रिल १९४३. न्यूयॉर्क बंदरात, जर्सी सिटीच्या केव्हन पॉइंट धक्क्यावर 'एल एस्तेरो' या मालवाहू जहाजात सुमारे १,३६५ टन बॉम्ब आणि दारूगोळा भरलेला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला बॉयलरची ज्वाळा उलटली आणि इंजिनरूमच्या तळातल्या तेलकट पाण्यानं पेट घेतला. हातातल्या अग्निशामकांनी काही होईना. जहाज बुडवावं, तर समुद्राचं पाणी आत घेण्याचे कॉक आगीच्या पलीकडे. शेजारी दारूगोळ्याची आणखी जहाजं आणि रेल्वेच्या वाघिणी. भरणीवर देखरेख अमेरिकी तटरक्षक दलाची होती. लेफ्टनंट कमांडर जॉन स्टॅन्ली आणि न्यूयॉर्क अग्निशमन दलातून निवृत्त झालेले आर्थर फिस्टर यांनी टग लावून जहाज खुल्या पाण्यात ओढायला लावलं. तटरक्षक दलाचे स्वयंसेवक डेकवरच्या दारूगोळ्याच्या पेट्या समुद्रात लोटत होते आणि शहराच्या अग्निशामक बोटी फाळक्यांत, म्हणजे माल भरायच्या कप्प्यांत, पाणी भरत होत्या. रात्री नऊच्या सुमाराला रॉबिन्स रीफ दीपगृहाजवळ जहाज बुडालं. एकही माणूस दगावला नाही.

आता १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. स्फोटकं आणि कापूस भरलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाच्या दोन नंबरच्या फाळक्यात दुपारी आग दिसली आणि ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज उडालं. मधल्या वेळात कप्तान, अग्निशमन दलाचे प्रमुख, दारूगोळा खात्याचे अधिकारी आणि गोदीचे व्यवस्थापक असे सगळेच तिथे होते. कुणी म्हणे बुडवा, कुणी म्हणे बाहेर काढा, कुणी म्हणे पाणी मारत राहा. एकाचा हुकूम दुसऱ्यावर चालेना. बळींचा आकडा ८०० ते १,३०० सांगतात. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

भरती-ओहोटी:
तुलनाच चुकीची आहे. 'एल एस्तेरो' नदीसारख्या खुल्या पाण्यातल्या धक्क्यावर होतं. दोर सोडले, टगनं ओढलं, निघालं. व्हिक्टोरिया गोदी म्हणजे दरवाजानं बंद केलेलं कुंड. तिथून पेटलेलं जहाज काढायचं तर दरवाजाच्या अरुंद वाटेतून टगनी हळूहळू न्यायचं, आणि वाटेतच उडालं तर गोदीचं तोंडच बंद. बुडवायचं म्हणाल, तर पेंद्याखाली पाणी जेमतेम काही फूट. जहाज टेकलं असतं, पण वरच्या मजल्यातली स्फोटकं कोरडीच राहिली असती.

दुसरं, आग कुठे होती ते बघा. 'एल एस्तेरो'ची आग इंजिनरूममध्ये होती, म्हणून साडेतीन तास मिळाले. 'फोर्ट स्टिकिन'ची फाळक्यातच: खाली कापसाच्या गासड्या, वर स्फोटकं. ३२ होस पाइपांनी ९०० टनांवर पाणी ओतलं, पण कापूस आतून धुमसत राहतो. पाणी चढलं तसा जळता कापूस तरंगत वर, थेट स्फोटकांकडे सरकला. आगीचं नेमकं ठिकाण कळलं ते बाहेरच्या पत्र्यावरचा रंग फोडासारखा फुगला तेव्हा. तिथे भोक पाडायला गॅस कटर आणला, तो चालला नाही. वर्दी कुठलीही असती तरी भौतिकशास्त्र तेच राहतं.

दर्यावर्दी:
दुपारी दोननंतरचं तुमचं म्हणणं मान्य. पण हुकूम चालायला हवा होता तो त्याआधी. कराचीत स्फोटकांच्या जहाजात ८,७०० गासड्या चढवू कोणी दिल्या? ज्या मालाची पूर्वी भर समुद्रात बार्जवर उतरणी व्हायची, ते जहाज युद्धाच्या घाईत थेट गोदीत कोणी घेतलं? आत आल्यावर स्फोटकं उतरवायला सुरुवात व्हायला दोन दिवस का लागले? धोक्याचा लाल बावटाही चढवलेला नव्हता, त्यामुळे शेजारच्या जहाजांना पत्ता नाही. यातल्या कुठल्याही पायरीवर एक अधिकारी 'थांबा' म्हणू शकला असता.

न्यूयॉर्कनं हे किंमत मोजूनच शिकलं होतं. ३० जुलै १९१६ ला त्याच किनाऱ्यावरचं ब्लॅक टॉम दारूगोळा केंद्र उडालं. पुढे १९१७ च्या हेरगिरी कायद्यानं नांगरलेल्या जहाजांवर नियंत्रणाचे अधिकार आले आणि त्यातून 'कॅप्टन ऑफ द पोर्ट' हे तटरक्षक दलाचं पद उभं राहिलं.

सुकाणू:
मग नौदलानं ताब्यात घेतलेल्या 'नॉर्मांडी' या फ्रेंच प्रवासी जहाजाचं काय? ९ फेब्रुवारी १९४२, तेच बंदर, धक्का ८८. गॅस कटरच्या ठिणगीनं जीवरक्षक जॅकेटांचा ढीग पेटला. शहराच्या अग्निशमन दलाला कळायलाच उशीर झाला, कारण थेट जोडणी तोडलेली होती. जहाजाच्या होस पाइपांच्या फ्रेंच जोडण्या शहराच्या पाइपांना बसेनात. पाणी वरच्या मजल्यांवर साचत गेलं. वर साचलेलं पाणी जहाज जरा कललं की त्याच बाजूला धावतं आणि झोक आणखी वाढतो. जहाजाचे रचनाकार युर्केविच धक्क्यावर येऊन सांगत होते, तळाचे कॉक उघडा, जहाज सरळ टेकेल. नौदलानं ऐकलं नाही. मध्यरात्रीनंतर ते कलंडलं. कॅप्टन ऑफ द पोर्ट तेव्हाही होताच की!

कॅलिफोर्नियातलं नौदलाचं दारूगोळा बंदर पोर्ट शिकागो त्याहून वाईट. तिथली भरणी धोकादायक आहे असं तटरक्षक दलाच्या पथकानं नौदलाला सांगितलं. नौदल बदलेना, तेव्हा पथकच काढून घेतलं. १७ जुलै १९४४ ला तिथल्या स्फोटात ३२० माणसं गेली. नोव्हेंबर १९४१ पासून तटरक्षक दल नौदलाच्याच हाताखाली होतं. हाताखालचा माणूस वरच्याला कसा थांबवणार?

दर्यावर्दी:
ही दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. जिथे दलाचा शब्द चालला तिथे शहर वाचलं. जिथे नौदलानं तो डावलला तिथे माणसं मेली. आपला तटरक्षक कायदा १९७८ चा. त्यात तेलविहिरी, मच्छीमार, सागरी पर्यावरण, तस्करीला आळा हे सगळं आहे. गोदीतल्या स्फोटकांवर हुकूम चालवण्याचं कलम मला त्यात हवं आहे.

भरती-ओहोटी:
नवं कलम कशाला? १९०८ च्या बंदर कायद्यानं कॉन्झर्वेटरला, म्हणजे बंदरावर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, जहाजांना आदेश द्यायचा अधिकार होताच. १९४४ मध्ये तो कुणी वापरला नाही. आणखी एक अधिकारी आणला, तर धक्क्यावर मत देणारे चारचे पाच होतील. त्यापेक्षा स्फोटकांचं जहाज नाळ (पुढचं टोक) बाहेरच्या बाजूला करूनच लावा. जहाज ओढायची पोलादी तार पुढच्या आणि मागच्या टोकाला पाण्यालगत लोंबती ठेवा, म्हणजे टगला कुणी डेकवर नसतानाही ती पकडता येते. वाफ तयार असलेला टग शंभर पावलांवर ठेवा. होसच्या जोडण्या शहराच्या बंबाला बसतात का, हे माल चढायच्या आधी लावून बघा. आणि कापूस त्या जहाजात नको.

सुकाणू:
हे सगळं बरोबर. पण तार लोंबती नसेल तर माल चढू देणार नाही, हे कप्तानाला आणि नौदलाला दोघांनाही कोण सांगणार? गोदीचा व्यवस्थापक? त्याच्यावर तर धक्का लवकर मोकळा करायचा दबाव असतो. तिथे मी दर्यावर्दींच्या बाजूचा आहे. फक्त तो अधिकारी युद्धातही नौदलाच्या हाताखाली नसावा.