मदत हवी आहे: इंग्रजीत नेमकं क्रियापद कसं निवडायचं?

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं घरगुती होमस्टे आहे. परदेशी पाहुणे आले की त्यांच्याशी मीच बोलते. वस्तूंची नावं येतात, अडतं ते क्रियापदाशी.

परवा भावजी अंगणात कोयतीने नारळ सोलत होते. पाहुणीने विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, 'पीलिंग'. ती म्हणाली, 'पील' केळ्याचं, नारळाला 'हस्क'. मग तिथेच बसून तिने सांगितलं: फोडणं 'क्रॅक', खवणणं 'ग्रेट'. शब्दकोशात मी फक्त 'सोलणे' बघितलं होतं, तिथेच फसले. कलमावरचे आंबे उतरवायचे तर 'पिक', मी इतके दिवस 'रिमूव्ह' म्हणत होते.

आपलं 'बंद करणे' दाराला चालतं आणि दिव्यालाही. इंग्रजीत दार 'क्लोज', दिवा मात्र 'टर्न ऑफ'. 'घेणे'चंही तेच: औषध 'टेक', चहा 'हॅव'. भरती 'कम्स इन', ओहोटी 'गोज आउट' एवढं मी पक्कं केलंय, कारण समुद्रात उतरणाऱ्याला ते चुकीचं सांगून चालणार नाही.

ज्यांचं इंग्रजी बोलून बोलून सुधारलं, त्यांनी सांगा: नाम आणि क्रियापद जोडीनेच पाठ करायचं का? वही स्वयंपाकघर, बाग, समुद्र अशी विषयवार ठेवू की क्रियापदवार? माझं चुकलं तरी पाहुणे भिडेपोटी गप्प राहतात, त्यांना 'दुरुस्त करा' असं इंग्रजीत कसं सांगू?